तळ्याला कारंजे हवे असते ते पहाटे

परसातल्या तळ्यात तरंगते कारंजे सोडायचे ठरले की बहुतेक जण दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतात तो पाणी किती उंच उडते हा. प्रश्न स्वाभाविक आहे, कारण कारंजे म्हटले की डोळ्यांपुढे उडणारे पाणीच येते. परंतु साताऱ्याजवळच्या आमच्या घरामागे तळे केल्यापासून, त्यात मासे आणि कुमुदिनी वाढवताना, माझे मत पक्के होत गेले आहे की कारंज्याची निवड पाहणाऱ्याची सोय बघून न करता पाण्याची गरज बघून करावी. पाहणारा संध्याकाळी अंगणात येतो; पाण्याला मात्र कारंज्याची खरी गरज असते ती मध्यरात्रीनंतर, आणि विशेषतः सूर्योदयाच्या आधीच्या दोन-तीन तासांत. ही एक गोष्ट मनाशी स्पष्ट असली की पंप, वीज, नोझल आणि टायमर यांविषयीचे बरेच निर्णय सोपे होतात, म्हणून आधी तिच्याविषयीच सविस्तर लिहिते.

पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण दिवसभर सारखे नसते. ऊन असते तोवर पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळ प्रकाशसंश्लेषण करून प्राणवायू सोडत असतात, त्यामुळे दुपार कलताना त्याची पातळी सर्वांत वर असते. सूर्य मावळला की ही निर्मिती थांबते; मात्र मासे, गोगलगायी, तळाच्या गाळातले जिवाणू, आणि दिवसा प्राणवायू सोडणाऱ्या त्याच वनस्पती रात्रभर श्वसन करून तो वापरत राहतात. पातळी उतरत उतरत पहाटे सर्वांत खाली जाते. त्यातच पाणी जितके उष्ण तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना हा आकडा साडेसातच्या आसपास येतो. आणि गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांसाठी पातळी ५ मिलिग्रॅमच्या वर राहणे चांगले समजले जाते. म्हणजे एप्रिल-मेच्या रात्री हाताशी असलेली पुंजीच मुळात लहान असते. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले आणि ऊन वर आल्यावर तेच मासे पुन्हा खोल पाण्यात गेले, तर ते भुकेचे लक्षण समजून खाद्य टाकू नये. तो प्राणवायूचा तुटवडा असतो, आणि न खाल्लेले खाद्य कुजून तो आणखी वाढवते.

कारंजे येथे काय करते, तर पाण्याचे थेंब करून त्याचा हवेशी संपर्क वाढवते, आणि ते थेंब खाली पडताना पृष्ठभाग सतत हलता ठेवते. पाण्यात प्राणवायू कमी असेल तेव्हा तो या मार्गाने हवेतून आत जातो. परंतु हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो, ही बाब सहसा कोणी सांगत नाही. भरपूर वनस्पती असलेल्या तळ्यात कडक उन्हाच्या दुपारी प्राणवायू संपृक्ततेच्याही, म्हणजे पाण्यात एरवी मावेल त्या मर्यादेच्याही, वर गेलेला असतो, आणि त्या वेळी कारंजे जोरात चालवले तर जास्तीचा प्राणवायू पाण्यातून हवेत निघून जातो. मत्स्यशेती करणारे शेतकरी आपली वायुवीजनाची यंत्रे प्रामुख्याने रात्री चालवतात, त्यामागे रात्रीच्या तुटवड्याबरोबर हेही एक कारण आहे. आमच्याकडे कारंजे रात्री अकराला सुरू होते आणि सकाळी सातला बंद होते. संध्याकाळचा एक तास तेवढा घरातल्या माणसांसाठी ठेवलेला आहे.

हे लक्षात घेतले की ऑनलाइन सर्वाधिक दिसणाऱ्या सौर कारंज्यांविषयी स्पष्ट बोलता येते. बशीएवढी काळी तबकडी, तिच्या वरच्या बाजूला दोन-तीन वॅटचे सौर पॅनेल आणि खाली चिमुकला पंप, अशी ही रचना असते. त्यात बॅटरी नसेल तर ढग आला की पाणी खाली बसते, आणि सूर्य मावळल्यावर कारंजे पूर्ण थांबते. म्हणजे तळ्यात प्राणवायू मुबलक असतो तेव्हा ते काम करते आणि तळे गुदमरत असते तेव्हा ते निद्रिस्त असते. त्याचा प्रवाहही ताशी दीडशे-दोनशे लिटरच्या घरात असतो. आमच्या तळ्यात साधारण ६,८०० लिटर पाणी आहे. ताशी दोनशे लिटर या वेगाने ते एकदा फिरवायला भरउन्हाचे ३४ तास, म्हणजे पाच-सहा दिवस लागतील. शिवाय त्याचे तुषार त्याच्याच पॅनेलवर पडतात, पाणी वाळून क्षारांचे पांढरे ठिपके मागे राहतात, आणि काही दिवसांत काचेवर अशी साय धरते की उन्हातही पाणी पूर्वीइतके उडत नाही. दगडी कुंडात, पक्ष्यांच्या आंघोळीच्या पसरट भांड्यात किंवा गॅलरीतल्या कमळाच्या टबात हे कारंजे छान शोभते आणि तेथे ते जरूर घ्यावे. मासे असलेल्या तळ्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर टाकू नये.

सौर ऊर्जाच वापरायची असेल तर पॅनेल पाण्यावर न तरंगवता काठावर किंवा गच्चीवर, दक्षिणेकडे तोंड करून, आपल्या अक्षांशाइतक्या म्हणजे महाराष्ट्रात १६ ते २२ अंशांच्या कलात बसवावे, आणि मध्ये बॅटरी ठेवावी. हिशेब अवघड नाही. ५० वॅटचा १२ व्होल्टचा पंप रात्री आठ तास चालवायचा तर ४०० वॅट-तास ऊर्जा लागते, म्हणजे सुमारे ३३ अँपिअर-तास. बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी होऊ नये म्हणून तिची क्षमता त्याच्या दुप्पट धरावी, आणि ती दिवसात भरून निघावी म्हणून पॅनेल सव्वाशे ते दीडशे वॅटचे घ्यावे. खर्च वाढतो हे खरे, पण मोठ्या भारनियमनाच्या गावांत हाच पर्याय भरवशाचा ठरतो. आषाढ-श्रावणात मात्र सलग ढगाळ दिवस आले की चार्जरवर बॅटरी भरण्याची सोय हवी.

पंप किती मोठा घ्यावा, हे ठरवण्याआधी तळे मोजावे. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली फुटांत घेऊन गुणाकार करावा आणि आलेल्या घनफुटांना २८.३ ने गुणावे, म्हणजे लिटर मिळतात. आमचे तळे १२ फूट लांब, ८ फूट रुंद आणि सरासरी अडीच फूट खोल आहे. २४० घनफुटांचे ६,८०० लिटर होतात. तळ्यातले पाणी दोन तासांत एकदा पंपातून फिरावे, असा ढोबळ नियम धरला तर ताशी ३,४०० लिटर प्रवाह पुरेसा होतो. मासे दाटीने असतील तर हेच प्रमाण तासाला एकदा असे धरावे.

येथे पंपाच्या खोक्यावरचे आकडे नीट वाचावे लागतात. त्यावर एक प्रवाह आणि एक हेड (पंप पाणी जास्तीत जास्त किती उंच चढवू शकतो ती उंची) लिहिलेले असते, उदाहरणार्थ ताशी ५,००० लिटर आणि ३ मीटर. आणि वाचणाऱ्याचा समज होतो की हा पंप पाच हजार लिटर पाणी तीन मीटर उंच उडवील. वस्तुतः ही एकाच रेषेची दोन टोके आहेत. पाणी मुळीच वर चढवायचे नसेल तेव्हा पाच हजार लिटर मिळतात, आणि तीन मीटरवर प्रवाह शून्य होतो. प्रत्यक्ष काम यांच्या मध्ये कोठेतरी चालते, आणि नोझलची छिद्रे जितकी बारीक तितका पंपाचा दाब त्यातून पाणी ढकलण्यातच खर्च होतो. हेड म्हणजे अखेर उंचीचा दाबच आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी कोणत्याही पंपाशिवाय भिंतीवरून हौदात कोसळते ते केवळ उगमाच्या उंचीच्या बळावर. आपल्याकडे तशी उंची नसल्यामुळे ती वीज देऊन विकत घ्यावी लागते, आणि म्हणूनच ती वायफळ उंच धारेवर उधळू नये. ३,४०० लिटरची गरज असताना खोक्यावर साडेचार ते पाच हजारांचा आकडा असलेला पंप घेणे योग्य ठरते. दुकानदाराकडे प्रवाह आणि उंचीचा आलेख असेल तर तो मागून पाहावा. चांगल्या उत्पादकाच्या माहितीपत्रकात तो असतोच.

पंपाच्या जातीविषयी माझा आग्रह एकाच बाबतीत आहे. काही बुडत्या पंपांची मोटर तेलात बसवलेली असते, आणि सील झिजले की ते तेल पाण्यावर पसरते. माशांच्या तळ्यासाठी चुंबकीय रोटरचा, तेल नसलेला पंप घ्यावा. त्याची ताकद थोडी कमी असते, पण तो घरच्या घरी उघडून साफ करता येतो आणि कमी वीज खातो. ५० वॅटचा पंप रोज नऊ तास चालला तर महिन्याला साडेतेरा युनिटच्या आसपास वीज लागते.

धारेची उंची ठरवताना काठापर्यंतचे अंतर पाहावे. नोझलपासून सर्वांत जवळचा काठ जितका दूर, त्यापेक्षा उंच धार ठेवली तर वाऱ्याच्या पहिल्या झोतासरशी पाणी बाहेर पडते. आठ फूट रुंदीच्या तळ्यात मधोमध ठेवलेल्या कारंज्याला चार फूट ही कमाल मर्यादा झाली. आमच्याकडे जून-जुलैत पश्चिमेचा वारा असा सुटतो की दोन-अडीच फुटांवर समाधान मानणेच शहाणपणाचे. नोझल निवडताना धुक्यासारखे बारीक तुषार देणारी नोझल मोहात पाडते. तिची छिद्रे क्षारांनी सर्वांत आधी बुजतात आणि तिच्यातून पाणीही सर्वांत जास्त उडून जाते. छत्रीच्या आकाराचा पातळ पडदा करणारी नोझल शांत असते, पण वाऱ्यात तो पडदा फाटतो. हवा ओढून घेऊन पांढरी फेसाळ धार देणारी नोझल प्राणवायूसाठी उत्तम, मात्र तिला दाब जास्त लागतो आणि तिचा आवाजही मोठा असतो. रात्री चालवायचे कारंजे शेजाऱ्यांच्या खिडकीखाली असेल, तर रुंद पसरणाऱ्या, ठसठशीत थेंबांच्या आणि बुटक्या धारेची नोझल घ्यावी. पाणी जितके कमी उंचीवरून पडेल तितका आवाज सौम्य राहतो. आम्ही तीच घेतली आहे. दिव्यांची कडी असलेली कारंजी मिळतात, परंतु रात्रभराचा प्रकाश माशांना नको असतो आणि कीटकांना हवा असतो, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

कुमुदिनी आणि कमळ ही स्थिर पाण्याची झाडे आहेत. त्यांच्या पानांवर सतत पाणी पडत राहिले तर पाने डागाळतात, कुजतात, आणि कळ्या धरत नाहीत. त्यामुळे कारंजे तळ्याच्या मध्यभागी असलेच पाहिजे हा हट्ट सोडून ते एका अंगाला ठेवावे आणि झाडे तुषारांच्या कक्षेबाहेर दुसऱ्या अंगाला लावावी. कारंजे तरंगते असले तरी मोकळे नसावे. मोकळे सोडले तर ते वाऱ्याबरोबर काठाला जाऊन टेकते, सगळे पाणी अंगणात ओतते, आणि पंप उघडा पडेपर्यंत तळे उपसत राहते. दोन दोरांनी बांधलेला फ्लोट, म्हणजे कारंजे तरंगते ठेवणारा भाग, पीळ खात डोलतो. तीन दिशांना तीन नायलॉनचे दोर नेऊन काठावरच्या खुंट्यांना बांधले की तो जागेवर राहतो. दोर ताणून बांधू नयेत, कारण उन्हाळ्यात पातळी वीतभर खाली जाते तेव्हा ताठ दोरांवर फ्लोट लटकतो आणि तिरका होतो.

आमच्या भागात बहुतेक घरगुती तळ्यांना आता तोच ५०० मायक्रॉन जाडीचा काळा प्लॅस्टिकचा कागद घालतात, जो शेततळ्यांना घातला जातो. अशा तळ्यात कारंजे रोवण्यासाठी विटा किंवा फोडलेले दगड तळाशी सोडू नयेत. विटेचा कोपरा कागदावर टेकून रोज किंचित घासत राहतो, आणि भोक पडल्याचे समजते तेव्हा पाणी कोठून जाते हे शोधणे जिकिरीचे होते. नदीतले गुळगुळीत गोटे जाड कापडी पिशवीत भरून वजन म्हणून वापरले तर चालतात, परंतु काठावरच्या खुंट्या अधिक बऱ्या.

फ्लोट विकत घेताना तो हातात उचलून, दाबून पाहावा. आतून पोकळ असलेला स्वस्त फ्लोट दोन उन्हाळ्यांत तडकतो आणि मग त्यात पाणी शिरून कारंजे एका कुशीवर कलते. आत फोम भरलेला आणि अतिनील किरणांना टिकणाऱ्या काळ्या प्लॅस्टिकचा फ्लोट तडकला तरी बुडत नाही. फ्लोटच्या खाली पंप जेवढा लोंबतो, त्याच्याखाली तळापर्यंत किमान अर्धा फूट पाणी हवे, नाहीतर तो तळाचा गाळ ओढू लागतो. पंप पाण्यात सोडताना आणि काढताना तो केबलला धरून कधीही उचलू नये. केबल जेथे मोटरमध्ये शिरते तेथले सील एवढ्यानेच सैल होते.

विजेविषयी मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. पाणी, ओले पाय आणि २३० व्होल्ट एकत्र येतात तेथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे, आणि त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो खरोखर पडतो का हे पाहिले पाहिजे. साधा एमसीबी, म्हणजे जादा भार आला की पडणारा स्विच, तारांचे रक्षण करतो, माणसाचे नाही. वायरमनला हे स्पष्ट शब्दांत सांगून वेगळा आरसीसीबी बसवून घ्यावा. पंपाची केबल तळ्यापासून भिंतीवरच्या पेटीपर्यंत अखंड असावी, पाण्यात किंवा जमिनीत कोठेही जोड नसावा, आणि पेटीत शिरण्याआधी केबलला खालच्या बाजूला झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी पेटीत न जाता झोळाच्या टोकाशी ठिबकून पडते. मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी घालावे. घरात लहान मुले असतील तर १२ किंवा २४ व्होल्टचा पंप घ्यावा आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर कोरड्या जागी, घराच्या आत ठेवावा. कितीही किरकोळ काम असले तरी पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही.

टायमर घेताना एक गोष्ट पाहावी. फिरत्या तबकडीचा साधा टायमर विजेवर चालतो, त्यामुळे वीज दोन तास गेली की तो दोन तास मागे पडतो, आणि महिन्याभरात पहाटेचे कारंजे भरदुपारी चालू लागते. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर वेळ धरून ठेवतो. त्याची किंमत थोडी जास्त असली तरी येथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

आता देखभालीकडे वळते, आणि त्यातला सर्वांत मोठा विषय आमच्याकडे बोअरच्या पाण्यातले क्षार हा आहे. काळ्या कातळातून येणारे पाणी जड असते. ते कारंज्यातून उडते तेव्हा त्यातला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियमचे कार्बोनेट नोझलच्या तोंडाशी बसू लागते. पहिल्या आठवड्यात काही दिसत नाही. नंतर छिद्रांच्या कडेला पांढरट कडी धरते, एखादी धार बाजूला वळते, मग दोन धारा एकमेकींत मिसळतात, आणि फुलाच्या आकाराची एक पाकळीच नाहीशी होते. अशा वेळी टाचणीने किंवा तारेने छिद्र कोरण्याचा मोह टाळावा, कारण धातूने छिद्राची कड मोडते आणि ती धार पुन्हा कधीच सरळ होत नाही. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व दोन मोठे चमचे घेऊन लिटरभर कोमट पाण्यात विरघळवावे आणि नोझल अर्धा-पाऊण तास त्यात बुडवून ठेवावी. बारीक बुडबुडे येऊ लागतात, आणि ते थांबले की क्षार सुटलेला असतो. राहिलेला भाग लाकडी दात-कोरणीने आणि जुन्या टूथब्रशने निघतो. रबराच्या कड्या या पाण्यात फार वेळ ठेवू नयेत, आणि ते आंबट पाणी तळ्यात ओतू नये.

पंपाची खूण आवाजाने कळते. स्वच्छ पंप जवळजवळ ऐकू येत नाही. शेवाळाचे धागे आत गुंडाळले गेले की घरघर सुरू होते आणि धार खाली बसते. पुढची जाळी काढून, इंपेलरचे, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाचे, झाकण पाव वळसा फिरवून उघडले की चुंबकासह इंपेलर हातात येतो. त्याच्यावर तपकिरी बुळबुळीत थर असतो, दांड्याभोवती हिरव्या धाग्यांचा पीळ पडलेला असतो, आणि चुंबकाच्या अंगाला लोहाची बारीक काळी पूड चिकटलेली असते. हे सगळे मऊ ब्रशने काढावे. दांडा चिनीमातीचा असतो आणि तो टणक असला तरी ठिसूळ असतो, त्यामुळे तो पक्कडीने ओढू नये. जोडताना रबरी कडीला सिलिकॉनचे ग्रीस लावावे. पेट्रोलियम जेलीने काही रबरे फुगतात. पंपात जाणारे पाणी गाळणारा बाहेरचा स्पंज धुवायला तळ्याचेच पाणी बादलीत घ्यावे, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन स्पंजात वाढलेले उपयुक्त जिवाणू मारते. बादलीतले गढूळ पाणी केळीच्या किंवा अळूच्या वाफ्यात ओतले की त्याचे सोने होते. स्पंज उन्हाळ्यात दर आठवड्याला आणि एरवी पंधरवड्याला धुवावा, कारण तो बुजला की पंपातून पाणी कमी वाहते, आणि त्याच पाण्याने थंड राहणारी मोटर तापू लागते.

हिरव्या पाण्यावरचा उपाय म्हणून कारंजे विकणारे पुष्कळ आहेत. ते खरे नाही. पाणी हिरवे होते ते ऊन आणि खताची द्रव्ये जास्त झाल्यामुळे, आणि त्यावर इलाज म्हणजे निम्म्याहून अधिक पृष्ठभाग पानांनी झाकणे, माशांना बेताने खायला घालणे आणि गळलेली पाने वेळच्या वेळी काढणे. डासांच्या बाबतीत कारंज्याचा उपयोग आहे, परंतु अर्धाच. क्युलेक्स जातीचे डास रात्री स्थिर पाण्यावर अंडी घालतात आणि अळ्यांना श्वासासाठी पृष्ठभागाशी यावे लागते, त्यामुळे रात्री हलते असणारे पाणी त्यांना सोयीचे नसते. तरीही पानांआडचे कोपरे शांतच राहतात आणि तेथले काम मासेच करतात. आरोग्य विभागाकडून गप्पी मासे मिळतात. ते परदेशी आहेत, म्हणून तळे साफ करताना ते ओढ्यात किंवा नदीत जाणार नाहीत याची काळजी घ्यावी.

उन्हाळ्यात तळ्याच्या पृष्ठभागावरून दिवसाला सेंटिमीटरभर पाणी सहज उडते. आमच्या तळ्यासाठी हा हिशेब ९० लिटरच्या आसपास जातो, आणि भरदुपारी वाऱ्यात कारंजे चालवले तर त्यात भरच पडते. रात्री हवा थंड आणि दमट असताना ते चालवल्याने ही गळती कमी राहते. उडून जाते ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात, आणि वरून पुन्हा बोअरचे पाणी घातले की ते साठत जातात. छतावरचे पावसाचे पाणी टाकीत धरून ते भरीला वापरले तर नोझल साफ करण्याचे काम निम्म्यावर येते, हा माझा अनुभव आहे.

पावसाळ्यात पाऊस पडतोच आहे म्हणून कारंजे बंद ठेवण्याची पद्धत आहे, आणि तिला माझा ठाम विरोध आहे. सलग ढगाळ, कुंद आणि वारा नसलेले दिवस तळ्याला सर्वांत जड जातात, कारण ऊन नसल्यामुळे दिवसाही प्राणवायू पुरेसा तयार होत नाही आणि रात्रीचा खर्च मात्र चालूच असतो. पहिल्या जोरदार सरींबरोबर अंगणातली माती आणि पालापाचोळा आत वाहून आला तर त्याच्या कुजण्यातही प्राणवायू जातो. म्हणून विजा कडाडत असताना प्लग काढून ठेवावा, आणि वादळ सरले की तो न विसरता पुन्हा लावावा. याच दिवसांत बेडूक तळ्यात अंडी घालतात आणि पुढे बेडूकमासे हजारोंनी वळवळू लागतात. पंपाच्या उघड्या जाळीवर ते ओढले जाऊन चिकटतात व मरतात. जाळीभोवती मोठ्या आकाराचा भरड स्पंज गुंडाळला की तेवढेच पाणी अधिक रुंद पृष्ठभागातून आत येते, ओढ मंदावते, आणि स्पंजावर टेकलेला बेडूकमासा शेपटी हलवून सहज सुटून जातो. तळ्यात बेडूकमासे दिसत असतील तेवढेच दिवस हा जादा स्पंज ठेवला तरी पुरतो.

दिवाळीच्या सुमारास फ्लोट बाहेर काढून त्याच्या तळाचा थर खरवडावा, दोरांच्या गाठी आणि खुंट्यांशी घासलेली जागा तपासावी, आणि झिजलेला दोर तेव्हाच बदलावा. इंपेलर, चिनीमातीचा दांडा आणि रबरी कड्या हे तीन भाग काही वर्षांनी झिजतात, ते बदलले की पंप पुन्हा नव्यासारखा चालतो. म्हणून खरेदीच्याच वेळी ते सुटे मिळतात का हे विचारावे, दुकानदाराला पंप आपल्यासमोर उघडून पुन्हा जोडायला सांगावे, आणि इंपेलरचा एक जादा संच त्याच दिवशी घेऊन ठेवावा.